दावी आधी सोडा

चिन्मय, मुक्ता, मामाआजोबा गेल्याचं तुमच्या आईने सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणे, "ते नक्की काय करायचे?" तिने सांगितलं, पुण्याच्या कॉलेजात संगणक शिकवायचे. ते खरं आहे, पण पुरतं नाही. गेल्या आठवड्यात इथे महाडला पाऊस लागून राहिला आणि दिनकरचा, म्हणजे तुमच्या मामाआजोबांचा, फोन येईल म्हणून मी सकाळपासून फोनजवळ बसले होते... मग लक्षात आलं, आणि हे लिहायला घेतलं.

दिनकर माझा धाकटा भाऊ. पूर आला, दरड कोसळली, तर संगणक माणसांच्या काही उपयोगी पडतो का, हा त्याच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी तो सुट्टीत आमच्याकडे येऊन राहायचा. माडीवरच्या खोलीत त्याने संगणक मांडला आणि पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या वर जी वाडी आहे, तिचा डोंगर त्यात भरला. उतार, पाऊस, घरं, घरातली माणसं. माहितीसाठी वाडीत घरोघरी बसायचा. तिथली पारूबाई नावाची म्हातारी त्याला सोडायची नाही. "मास्तर, तुजी पेटी पावसाचा सांगते, तर माजी म्हस कवा व्यायची ता पन इचार तिला." तो हसायचा आणि तिच्या हातचा कोरा चहा प्यायचा.

मग तो पावसाळा आला. एका दुपारी संगणकाने वाडीवरचा उतार धोक्याचा दाखवला. दिनकर मिळेल त्या जीपने निघाला. कापड्याहून त्याचा फोन आला, "ताई, सगळी वाडी खाली शाळेत आणली." मी देवापुढे दिवा लावला. दिवेलागणीला पुन्हा फोन. या वेळी आवाज ओळखू येईना. "ताई, बायका शाळेत नाहीत. धारा काढायला परत वर गेल्यात." एवढं बोलून फोन तुटला. पाठोपाठ वीज गेली. सावित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलं, मग आमच्या जिन्याशी आलं. मी माडीवर संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर मेणबत्ती लावून बसले. खाली भांडी एकमेकांवर आपटत होती, आणि मला दिनकर चढावर धावताना दिसत होता. त्याचं नाव घ्यायचीसुद्धा भीती वाटत होती.

पाणी ओसरल्यावर तो चालत आला. चिखलाने माखलेला. जिन्यावर बसून सांगू लागला. बाकीच्या बायका उतरल्या होत्या. पारूबाईच्या म्हशीच्या दाव्याची गाठ भिजून आवळली होती, सुटेना. "चल म्हटलं, तर म्हणाली, 'बांदलेली मारू काय रे तिला? तू व्हो फुडं.' मी शेजारच्या घरात कोयता शोधायला वळलो, ताई, आणि..."

संगणकाने दाखवला होता तोच उतार पारूबाईच्या गोठ्यावर आला होता. "मी माणसं भरली," तो म्हणाला. "ती परत कशासाठी जातील ते भरलंच नाही."

त्यानंतर तो कायमचा घाबरलेला राहिला. संशोधन सोडलं नाही, पण विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो गोठ्याचा. दर वर्षी पावसाच्या आधी वाडीत जाऊन बसायचा आणि सगळ्यांकडून वदवून घ्यायचा की निघताना दावी आधी सोडायची. पाऊस वाढला की पुण्याहून मला फोन. "ताई, वाडीत विचार ना, सोडली का?" होय म्हणून कळवलं तरी तासाभराने पुन्हा विचारायचा. त्याचा श्वास मला ऐकू यायचा.

गेल्या आठवड्यात शेवटी मीच पारूबाईच्या सुनेला, सुमनला, फोन लावला.

"सोडली कवाच," ती म्हणाली. "ढोरं फुडं, आमी मागं. तुमी नका घाबरू ताई. मास्तर पन असंच घाबरायचं."

माडीवरचा तो संगणक आता सुरू होत नाही. वरच्या वाडीत मात्र जोराचा पाऊस लागला, की घराला कडी घालायच्या आधी दावी सुटतात.