सगळ्यांना पटवणारे साहेब

इंदुरी माणसाला पोह्यांवरची शेव सोडायला लावणं देवालाही जमणार नाही, पण आमच्या साहेबांना जमलं असतं. औषध कंपनीच्या ऑफिसात ते आमचे मॅनेजर. मीटिंगच्या आदल्या दिवशी ते प्रत्येकाच्या टेबलाशी येत, मुलाबाळांची, गुडघ्यांची चौकशी करत आणि असं काही बोलून जात की दुसऱ्या दिवशी त्यांचाच विचार आम्ही आपल्याला सुचल्याच्या थाटात मांडत असू. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची, आपल्या हातून कुणाला झुकतं माप मिळण्याची. इंटरव्ह्यूला ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसत. "चेहरा पाहिला की मन बेईमान होतं," म्हणत. एकदा उमेदवार बिचारा, साहेब रागावले समजून, पाया पडायला पार भिंतीपर्यंत गेला. साहेब स्वतः मराठी, त्यामुळे मराठी आडनाव दिसलं की प्रश्न हटकून अवघड होत. न जाणो, आपुलकी निघायची!

या धास्तीनंच घात केला. छत्रीबाग मोहल्ल्यात साहेबांबरोबर लहानाचा मोठा झालेला त्यांचा जिवलग मित्र आमच्याच ऑफिसात माल रवाना करायचं काम बघायचा. त्या विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती त्याचीच हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. साहेबांनाही तेच वाटत होतं, आणि म्हणूनच ते घाबरले. आपल्याला जे इतकं मनापासून हवंय, त्यात दोस्ती असणारच! ते टेबलाटेबलाशी फिरले. "काम चोख आहे भिया, पर टीम संभाल पाएगा क्या?" एवढंच हळूच, भावाला म्हणावं तसं 'भिया' म्हणत, विचारत राहिले. आम्हालाही वाटू लागलं, खरंच की! मीटिंगमध्ये सगळ्यांनी दुसरंच नाव घेतलं. मित्र दर रविवारी सकाळी साहेबांच्या घरी यायचा, ते थांबलं.

साहेबांना आपली चूक उमगली ती निवृत्तीनंतर, रिकाम्या घरात बसून. मित्र कायमचा पुण्याला मुलाकडे निघालाय असं कळलं, तेव्हा मला सोबत घेऊन ते त्याच्याकडे गेले. बांधलेल्या सामानातच बसले आणि म्हणाले, "चुकलो रे मी. ती जागा तुझीच होती. तू आपला माणूस, म्हणून भ्यालो."

मित्रानं त्यांच्या हातात चहा दिला. "चूक कसली, भिया? तुझं म्हणणं सगळ्यांना पटलं ना? मलाही पटलं. तेव्हापासून मी मानूनच चाललो, कमी अपने में ही होगी."

साहेब मग पुष्कळ बोलले. त्याच्या कामाचे जुने दाखले दिले, शपथा घातल्या, शेवटी त्याचा हात धरून रडले. मित्र हसून मान डोलवत राहिला, त्यांची समजूत काढत राहिला. त्याला मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही.