टाचेखालचं

आमचे दाजी कुणाच्याही घरी गेले की आधी जमिनीवर टाच आपटायचे. राम राम नंतर. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, अगदी मयतीला गेले तरी कोपऱ्यात उभे राहून एकदा धप्पकन टाच. कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "घट हाय जमीन." अक्का लाजेनं पदर तोंडाला लावायची. अक्का माझी थोरली बहीण. लातूरला दिलेली. मी नांदेडला.

लातूर जिल्हा झाला आणि दाजींच्या अंगात वारं शिरलं. रोज संध्याकाळी सायकल काढून गावाबाहेर. कलेक्टर कचेरी इकडं येणार, बस स्टँड तिकडं सरकणार, अशा बातम्या ते असे सांगायचे जणू मुख्यमंत्री दाजींना विचारूनच सही करतात. एकही कचेरी त्यांनी सांगितलेल्या बाजूला गेली नाही. त्यावर म्हणायचे, "गेली तर गेली. जमीन तर तिथंच हाय ना?" आता यावर माणसानं काय बोलावं, तुम्हीच सांगा.

त्याच सुमारास मुदखेडचं आमचं माहेरचं शेत विकलं आणि भावानं, सरळ माणूस तो, आम्हा दोघी बहिणींना हिस्सा दिला. अक्काचा हिस्सा दुसऱ्याच आठवड्यात निलंगा रोडच्या एका माळावर गेला. राहिला माझा. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. दुष्काळाचे दिवस, घरमालकीण नळाला कुलूप लावायची आणि किल्ली कमरेला. मला एवढंच हवं होतं, की माझ्या नळाची किल्ली माझ्या कमरेला असावी. पण त्या हिश्शात नांदेडात घर येत नव्हतं. म्हणजे तो आधी वाढवायला हवा.

आमचे हे म्हणाले, शेअर घेऊ. ऑफिसात पेपर वाचून वाचून ह्यांना शेअरबाजाराचा नाद लागलेला. दाजींनी ऐकलं आणि विचारलं, "साडूभाऊ, साखर किती देतात?"

"कसली साखर?"

"आता शेअर म्हणल्यावर साखर न्हाई का? आमच्या भावाचा कारखान्याचा शेअर हाय, दिवाळीला पोतं येतंय घरला. तुमची कंपनी काय देती?"

ह्यांनी अर्धा तास समजावलं. कंपनी, नफा, भाव चढणं, उतरणं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "शकू, साखर न्हाई बग. जे टाचेखाली येत न्हाई, ते आपलं न्हाई. माझ्या शेजारचा पलाट घे. दोघी बहिणी एका भिंतीला राहा." ही शेवटची गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली. मी विरघळले, प्लॉट घेतला. हे महिनाभर नीट बोलले नाहीत.

मग सुरू झाला छळ. दर सुट्टीत लातूरला गेलं की प्लॉट पाहायला जायचं. चैत्राचं ऊन, झाड नाही, आणि दाजींनी चुन्याची फक्की मारून जमिनीवर दोन्ही घरं आखलेली. हे माजघर, हे देवघर, इथं मोरी. आम्ही सतरंजी टाकून हॉलमध्ये चिवडा खायचा. एकदा मी पाण्याची कळशी घेऊन सरळ चालत गेले तर ओरडले, "अगं शकू, भिंतीतून काय घुसायलीस? दार तिकडं हाय!" मी कळशी घेऊन वळसा घालून दारातून आले. नसलेल्या दारातून! हे मिशीत हसत होते. मला वाटलं कळशी दोघांवर ओतावी, पण पाणी महाग होतं.

पाण्यासाठी दाजींनी पाणाड्याही आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला, तो म्हणे उभा राहिला. बोर मारला. धूळ आली. नुसती धूळ. दाजी काय म्हणाले? "पाणी हाय खाली. लाजतंय."

तिकडं ह्यांनी पगारातून थोडे शेअर घेतलेच होते. एका कंपनीनं पहिल्यांदा काही पैसे पाठवले तर ह्यांनी त्याची साखर आणली आणि पिशवी घेऊन लातूर गाठलं. "घ्या, शेअरची साखर!" दाजींनी चिमूटभर तोंडात टाकली. "गोड हाय. पण कारखाना कुठंय तेवढा दावा."

मग बाजार असा काही चढला की ऑफिसातला शिपाईसुद्धा भाव सांगायला लागला. ह्यांनी प्लॉटला गिऱ्हाईक शोधलं. विकू आणि सगळे शेअरमध्ये घालू, वर्षात घर. मीही हो म्हटलं, त्या किल्लीपायी. दाजींना कळलं. सकाळच्या एसटीनं नांदेडला हजर. उंबऱ्यात बसले.

"पलाट इकणार असाल तर तुमच्या घरचं पाणी पिणार न्हाई."

"दाजी, टँकर आलाच नाही आज," मी म्हटलं.

ते तसेच बसून राहिले. उन्हात तोंड सुकलेलं. शेवटी ह्यांनीच चिडून गिऱ्हाइकाला नाही कळवलं. मी शेजारून तांब्याभर पाणी मागून आणलं, ते पिऊन उठले आणि जाताना उंबऱ्यावर टाच आपटून म्हणाले, "पोकळ हाय. भाड्याचंच ना."

पुढं बाजार आपटला. त्या कंपनीला टाळं लागलं. दाजी समाचाराला आले, मयतीला यावं तसे. "साखर भिजली वाटतं साडूभाऊ. पलाट मात्र जागेवर हाय." अहो, जागेवर नाही तर जाईल कुठं? त्याला तरी कोण विचारत होतं? रस्ता नाही, पाणी नाही. एक बुडालं, दुसरं वाळलं, आणि किल्ली अजून घरमालकिणीच्याच कमरेला.

दाजी वारले ते भाड्याच्याच घरात. फक्की मारलेल्या घरात एक रात्रही राहिले नाहीत. अक्का लेकीकडं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी लातूर शहर चालत चालत त्या माळापर्यंत आलं. आम्ही दोघींनी प्लॉट विकायला काढले. घेणारा माणूस मोजमाप करायला आला आणि तरातरा मधूनच चालत सुटला. माझ्या तोंडून गेलं, "अहो, तिकडून नाही! दार इकडं आहे!" तो बघतच राहिला. अक्कानं पदर तोंडाला लावला. या वेळी लाजेनं नाही.

त्या पैशात नांदेडला फ्लॅट आला. तिसरा मजला. हे अजून हिशोब घालतात, तेव्हा चांगली कंपनी धरली असती तर केवढा पैसा झाला असता. घालू देत. राहायला आलो त्या दिवशी मी आधी नळ सोडून पाहिला. मग खोलीच्या मधोमध उभी राहिले, इकडं तिकडं बघितलं आणि जोरात टाच आपटली.

थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरची सूनबाई धावत वर आली. "काकू, काय पडलं?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "आमचे दाजी येऊन गेले."