मामांची फुंकर

शेळी व्यायली की मामा आधी पिल्लाच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायचे. मग त्याच्या नाकपुड्यांना ओठ लावून जोरात फुंकायचे. पिल्लू शिंकलं की शर्टाच्या बाहीला तोंड पुसून हसायचे. मी ओरडायच्या आत म्हणायचे, "काय होत न्हाई, माय."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. जनावर दुसऱ्याचं, आणि जीव मात्र याचा अडकलेला.

सगळे त्यांना मामाच म्हणायचे. ते पेडगावजवळ एका मोठ्या शेतकऱ्याच्या शेळ्यांच्या गोठ्यावर सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं. पुढच्या पाडव्यापर्यंत गोठा त्यांचा. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. माझ्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, आमच्या घरात पदवी घेणारी मीच पहिली. मी डॉक्टर नाही. पण पहिल्याच दिवशी मामा सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "सरका, डाक्टरीणबाई आल्या!" त्या हाकेचं ऋण मी अजून मानते.

मी हातमोज्यांचा खोका नेऊन दिला. मामांनी त्यातला एक फुगवून बोकडाच्या शिंगाला बांधला. "तुझ्या मायनं तुला मोजे घालून न्हाऊ घातलं का गं?" कामावरच्या बायका हसल्या. मीही हसले. खोका मालकांनी बंगल्यातल्या कपाटात ठेवला. पाहुणे गोठा बघायला आले की तो बाहेर निघायचा. पाहुणे मोजे घालून पिल्लू उचलायचे, फोटो काढून घ्यायचे. त्याच वेळी मामा मागे व्यायलेल्या शेळीची पडलेली वार उघड्या हातांनी उचलत असायचे.

त्या हिवाळ्यात शेळ्या दिवस भरायच्या आधीच गाभडायला लागल्या. मी मालकांना सांगितलं, रक्त तपासू, या शेळ्या वेगळ्या बांधा, पडलेलं सगळं चुना टाकून खोल पुरा. आणि मामांना उघड्या हातांनी यात घालू नका, गाभडण्याचा हा रोग माणसालाही होतो.

"मामाला सवय हाय," मालक म्हणाले. "आन् ताई, बाहेर बोलू नका. गिऱ्हाईक तुटंल."

सवय! उन्हाची सवय होते, ओझ्याची होते. रोगाची कुणाला झाली आहे? दुसऱ्याच्या हातांबद्दल बोलताना हा शब्द किती सहज तोंडात येतो, बघा.

मग मामांना ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, घामानं अंथरूण भिजायचं, सकाळी उतरायचा. कंबर धरली, गुडघे धरले. गावात मलेरियाच्या गोळ्या झाल्या, सलाईन झालं. काका, तुम्ही काम काय करता, एवढं कुणी विचारलं नाही. शेवटी मीच त्यांना स्कूटीवर बसवून परभणीला नेलं आणि डॉक्टरांना गाभडलेल्या शेळ्यांचं सांगितलं. तपासणीत तोच रोग निघाला. परत येताना मामा मागून म्हणत होते, "जरा जोरात चालीव माय, शेळ्या वाट बघायल्यात."

शेळ्या वाट बघत असतीलही. मालकांनी मात्र फाटकातच अडवलं. "बरं होईपर्यंत आत येऊ नका मामा. शेळ्यायला लागंल."

ज्या शेळ्यांपासून आजार घेतला, त्यांना मामांपासून जपायचं! मी इतकं सांगितलं, त्यातलं मालकांच्या ध्यानात एवढंच राहिलं. साल मात्र अजून संपलं नव्हतं. ते पुरं करायला मालकांनी मामींना बोलावलं.

परवा गेले तेव्हा मामा कुंपणाबाहेर दगडावर बसले होते. आत नुकतीच एक शेळी व्यायली होती. मागच्या खेपेला मी मामींना मोजे दिले होते, घालून दाखवले होते. ते त्यांच्या कमरेला खोचलेले होते. पिल्लू हलत नव्हतं. मामींनी ते दोन्ही हातांनी तोंडापर्यंत उचललं.

"तोंड लावू नको!" मामा ओरडले. "आगं, मोजे घाल! फडक्यानं पूस त्याला!"

मामींनी वळूनही बघितलं नाही. "गप बसा वो. काय होत न्हाई."

मी फाटकाकडे पळाले. मागे मामा काठीनं कुंपणाची तार बडवत होते, आणि गोठ्यातल्या सगळ्या शेळ्या मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या.