शिदूचा हिरवा डहाळा

बेडशाच्या डोंगरावर ठाकरवाडी आहे. तिथला शिदू चाळीस वर्षं हिरव्या डहाळ्यानं वणवा झोडत आला. तीन खात्यांच्या साहेबांचं लोणावळ्यात एकत्र प्रशिक्षण निघालं, तेव्हा शिकवायला त्यालाच नेलं. साहेबांना शिकावंसं वाटलं, हेही नवलच म्हणायचं.

मैदानात गवत पेटवून तो झोडून दाखवत होता, तेवढ्यात बायकोचा, चिंगीचा फोन आला. "आवं, वणवा वाडीवर आलाय. माणसं भाईर निघाली, पन आपल्या साही शेळ्या खोपटात बांधल्यात, जवळ जाता येईना. आमाला आग आवरंना. लौकर या."

शिदू साहेबांकडे धावला. एक म्हणाला, ती हद्द आमची नाही. दुसरा म्हणाला, आमचीही नसावी, नकाशा बघावा लागेल. तिसऱ्यानं त्याची पाठ थोपटली. "शिदूभाऊ, एकदा परत दाखवा, फोटो राहिलाय. मग जेवूनच जा."

साहेबाला नाही म्हणायची शिदूला सवय नव्हती. त्यानं परत आग झोडली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

तो वाडीवर पोचला तेव्हा खोपटाची राख झाली होती. सहाही शेळ्या दाव्याला होत्या तशाच जळाल्या होत्या.

"जेवलात का तितं?" चिंगीनं विचारलं.

"व्हय," शिदू खाली बघत म्हणाला. "गुलाबजामबी व्हते."