ताईचे पांढरेशुभ्र डोळे

मी कॅमेरा काढला की घरातले पांगतात. रोल स्वस्तातला, काळा-पांढरा. आणि माझा फोकस जुळेपर्यंत हसणाऱ्याचे गाल दुखून येतात. यकृताच्या आजाराने पिवळी पडलेली ताई मात्र त्या दिवशी आपणहून खिडकीशी येऊन बसली.

"काढ रे चिक्कू! तुझ्या रोलमध्ये पिवळं दिसत नाही ना?"

"नाही."

"मग लेकीला हाच धाड."

फोटोत ताईचे डोळे पांढरेशुभ्र आले. रंग वगळले की दुखणंसुद्धा किती मुकाट बाजूला होतं!

फोटो पोचल्यावर दुबईहून भाचीचा फोन आला. "मामा, आई छान दिसतेय की! मी उगाच घाबरले. आता दिवाळीतच येते."

डॉक्टर दिवाळीचं नावही काढत नव्हते. मी ताईकडे पाहिलं. ओठांवर पिवळं बोट ठेवून ती माझ्याचकडे बघत होती.