गेटाजवळचा कट्टा

आमच्या कॉलेजच्या गेटाशी जांभ्या दगडाचा कट्टा होता. त्यावर तिसऱ्या वर्षाच्यांनीच बसायचं, असा रिवाज. पहिली दोन वर्षं आम्ही मागच्या मैदानाला वळसा घालून एसटीच्या थांब्यावर जायचो. तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले त्याच दुपारी आम्ही तिघी मैत्रिणी कट्ट्यावर जाऊन बसलो. पाय हलवत शेंगदाणे खाल्ले. पुढे ते रोजचंच झालं.

गणपतीची सुट्टी संपली आणि एका दुपारी एक बाई गेटातून आत आली. मागे तिची मुलगी होती, पहिल्या वर्षाची, मान खाली घातलेली. बाई आमच्यासमोर थांबली आणि तिने हात जोडले.

"ताई, हिला जाऊ द्या इथनं. मागनं फिरून जाते नि रोज पाचची गाडी चुकते. सातच्या गाडीने हातखंब्याला उतरते, पुढे काळोखातनं चालत येते. हिचा बापूस मुंबईतनं फोन करतो, कॉलेज पुरे, घरी बसव म्हणतो."

ती माझ्या आईच्या वयाची होती. माझ्या आईला असे हात जोडताना मी फक्त देवळात पाहिलं होतं. मी कट्ट्यावरून उतरले.

"काकी, पण आम्ही केलं काय?" एका मैत्रिणीने विचारलं. त्या मुलीशी आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

"सांग गो, काय केलं त्यांनी?"

"काय नाय," मुलगी म्हणाली. "हसतात."

"तुला?"

"म्हायत नाय."

आम्ही हसायचो, हे खरं. कशाला, ते तिघींपैकी एकीलाही सांगता आलं नसतं. पहिल्या वर्षी कट्ट्यावरच्या मुली आम्हालाच हसतात, याबद्दल आम्हालाही कधी शंका आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास सुटला तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या वर्गाबाहेर उभी राहिले. मला पाहून वर्गातली बडबड थांबली.

"चल, गाडी चुकेल," मी तिला म्हटलं.

ती निघाली, पण बरोबरीने चालेना. दोन पावलं मागेच राहिली. कट्टा रिकामा होता. तरी तिथून जाताना तिने सॅक छातीशी धरली.

पाचची गाडी मिळाली. खिडकीशी बसल्यावर तिने एकदाच वळून पाहिलं. मी गेले की नाही, ते.