दाढ आणि दोन डाव्या बाह्या

तीस वर्षं मी कोट शिवतोय. या तीस वर्षांत टाचण्या ओठांत धरल्या, दोरा दाताने तोडला, पण दातांच्या डॉक्टरची पायरी एकदाही चढलो नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, मास्तरांचे दात पक्के असणार. दात कसले पक्के, मास्तर भित्रे आहेत. दिवसभर सुईशी खेळणाऱ्या माणसाला इंजेक्शन नुसतं म्हटलं तरी घाम फुटतो, हे मी आजवर कसोशीने लपवलंय.

खालची डावी दाढ ठणकायला लागली तेव्हा मी आधी लवंग धरली, मग मिठाच्या गुळण्या केल्या, मग दाढेला मनातल्या मनात हात जोडले. ती ऐकेना. गाल असा टम्म सुजला, की ट्रायलला आलेली माणसं आरशात स्वतःला बघायचं सोडून मलाच बघू लागली. बायकोने विनवण्या करून दातांच्या कण्या केल्या, तेव्हा कुठे मी म्हणालो, जातो बाई, उद्याच जातो.

आणि गेलोही. दवाखाना पहिल्या मजल्यावर. सात पायऱ्या चढलो. आठवीवर वरून ते घर्रर्र ऐकू आलं आणि माझे पाय मला न विचारता खाली निघाले. खाली लाँड्रीवाल्याचा बाक आहे. तिथे अर्धा तास काढला आणि घरी येऊन सांगितलं, डॉक्टरने औषध भरलंय, अजून दोन-तीन खेपा लागतील.

एक थाप मारली की ती सांभाळायला दुसरी लागते. बायको दुकानात माझ्या शेजारीच बसून काज करते. प्रत्येक खेपेनंतर ती विचारायची, दुखलं का हो? मी छाती फुगवून सांगायचो, मुळीच नाही, मुंगी तरी चावते, हे तेवढंही नाही. असे तीन आठवडे गेले. लाँड्रीवाला माझ्यासाठी पेपर राखून ठेवू लागला.

शेवटी दाढेनेच मला उघडं पाडलं. एका वकिलाचा काळा कोट होता. कापड थोडं कमी, म्हणून बाह्या एकेक करून कापायला घेतल्या. अशा वेळी एक बाही कापली की पुठ्ठ्याचा साचा उलटा ठेवून दुसरी कापायची, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. ठणक्याच्या भरात मी साचा उलटवलाच नाही. झाल्या दोन डाव्या बाह्या. बायकोने त्या उचलून शेजारी शेजारी धरल्या आणि म्हणाली, "आता मीच येते बरोबर. तीन आठवडे कसलं औषध भरतायत, विचारते त्या डॉक्टरला."

रस्ताभर मी खरं सांगायचं ठरवत होतो, पण दातखिळी बसली होती. काउंटरवरच्या मुलीने पहिल्यांदाच आलात का म्हणून विचारलं. बायको म्हणाली, चार वेळा येऊन गेलेत. मुलीने वही पालथी घातली. माझं नाव कुठेच नव्हतं. मी भिंतीवरचं हिरड्यांचं चित्र फार अभ्यासूपणे बघत उभा होतो.

"एकदाही नाही?" बायकोने हळूच विचारलं.

"लाँड्रीपर्यंत," मी म्हणालो.

ती रागावली असती तर परवडलं असतं. तिचा चेहराच उतरला. तो बघवेना, म्हणून मी बोलावण्याआधीच आत जाऊन खुर्चीत बसलो. यात शौर्य काही नाही, लपायला दुसरी जागा नव्हती.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. मला भीती वाटते, असं मी जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाला सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सुई टोचेल, मग नुसता दाब जाणवेल, सोसवलं नाही तर हात वर करा, मी थांबेन. मी सुई दिसायच्या आधीच हात वर केला. त्या थांबल्या. पुन्हा केला, पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा माझी मलाच लाज वाटली. सुई टोचली. थोड्या वेळाने दाब आला, आणि अजून किती वेळ असं विचारावं म्हणतोय, तोवर दाढ ताटलीत पडली होती.

कापूस दाबून बाहेर आलो. आता घरी जाईपर्यंत ऐकून घ्यावं लागणार, अशी तयारी केली होती. बायको मात्र खाली बघत म्हणाली, "मलाही दुखतंय. दोन वर्षं झाली. तुम्ही चार वेळा जाऊन आलात, काही दुखलं नाही म्हणालात, म्हणून मीही धीर गोळा करत होते."

गिऱ्हाइकाचा एक खांदा पाव इंच खाली असला तर मला दारातूनच कळतं. शेजारी बसणारी बायको दोन वर्षं एकाच बाजूने चावतेय, ते कळलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "दुखतं का?"

"टोचतं," मी बधिर ओठांनी बोबडं बोललो. "मग नाही."

मग तिने वहीत आपलं नाव लिहवलं, पर्स माझ्या हातात दिली आणि एकटीच आत निघाली. दारापाशी थांबली, परत आली.

"आत चला ना माझ्याबरोबर," ती म्हणाली.